सातव्या चेंबरचे बावीस फेरे

मयूरी पाटील आमच्या समोरच्या घरात राहते. वय एकोणतीस. पुण्याला चार वर्षं नोकरी केली. आईच्या, म्हणजे मीनाबाईंच्या, मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा घरी आली आणि इथेच राहिली. सकाळी आईला चालवून आणते, भाकरी टाकते, नऊला खिडकीशी कॉम्प्युटरवर बसते. एकला उठते. परत दोन ते सात. या वेळा मला पाठ आहेत, कारण डेअरीच्या पायरीवर बसून मी तिच्याबद्दल बोलायचो.

मी नवल. तापीकाठच्या आमच्या उपसा सिंचन योजनेत एकतीस वर्षं व्हॉल्व्हमन होतो. नदीवरून येणाऱ्या पाइपावर सात चेंबर आहेत. प्रत्येकात एक व्हॉल्व्ह. चाकाचे बावीस फेरे झाले की पाणी पूर्ण बंद. पुढे त्यांना मोटरी बसल्या, पंपघरात कॉम्प्युटर आला, चाकं आपोआप फिरू लागली. मी निवृत्त झालो. खुर्चीत बसून केलेल्या कामाला मी काम म्हणत नसे, आणि तसं मोठ्याने सांगत असे.

एकदा खिडकीतून तिला विचारलं, "काय करी ऱ्हायनी वं पोरी? काम का खेळ?"

"काम शे, आबा."

"घाम तर दिखत नही."

"पंखा लावेल शे ना!"

मग तिने समजावलं. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्राम लिनक्सच्या कॉम्प्युटरवर चालत नाही. तो चालावा म्हणून मध्ये एक थर घालतात. प्रोग्राम जे मागेल ते हा थर दुसऱ्या बाजूकडून मिळवून देतो. जगभरातले लोक मिळून तो थर लिहितात. कॉम्प्युटरला जोडलेल्या यंत्रांशी बोलणं होतं तेवढा तुकडा मयूरीकडे आहे. कुठे बिघडलं की लोक कळवतात, ही दुरुस्त करते. "तुम्ही जुन्या पंपाला नव्या कंपनीची मोटर जोडताना कपलिंग करायचा ना, तसं," ती म्हणाली. मी हो म्हटलं आणि डेअरीवर जाऊन हसलो.

मागच्या माघात विजेचा दाब वाढून पंपघरातला कॉम्प्युटर जळला. व्हॉल्व्हचा प्रोग्राम जुना, तो देणारा माणूस धंदा बंद करून गेलेला. नवा कॉम्प्युटर मिळाला तो लिनक्सचा. मयूरी म्हणाली, चालवून बघते. सहा दिवस ती पंपघरात बसली. प्रोग्राम सुरू झाला. पण पडद्यावर 'बंद' दिसतं म्हणजे चाक खरंच पूर्ण फिरलं का, हे जागेवर जाऊन बघायला कोणीतरी हवं होतं.

"फेरा तुम्हीच मोजा, आबा," ती म्हणाली. "तुमनासारखा मोजणारा गावमा कोनी नही."

पहिल्या दिवशी सहा चेंबर झाले. सगळीकडे बावीस. दुसऱ्या दिवशी सातव्याला गेलो. ते टोकाचं, पंपघरापासून चार किलोमीटर. तिथे चाक चौदा फेऱ्यांवर थांबलं. मी फोन केला. चूक वेळेत सापडली म्हणून तिला आनंदच झाला. टोकाच्या मोटरचं उत्तर उशिरा येतं आणि आपला थर तेवढं थांबत नाही, असं ती म्हणाली. तिने दुरुस्ती केली. तिसऱ्या दिवशी सातही चेंबर पुन्हा बघायचे ठरले.

मी सहा बघितले. सहाही ठिकाणी बावीस. सहाव्याच्या पुढे दोन किलोमीटर उघडा बांध, ऊन डोक्यावर. दुरुस्ती झालीच आहे, असं मनाशी म्हणालो आणि निंबाखाली बसलो. मयूरीचा फोन आला, "आबा, चालू करू?" मी म्हटलं, कर. एक बिडी संपेपर्यंत थांबलो आणि सांगितलं, "बावीस."

तिने ती दुरुस्ती आपल्या थरात सगळ्यांसाठी पाठवून दिली. योजना सुरू झाली.

नवव्या दिवशी सकाळी सातव्या चेंबरखालच्या गजराबाईच्या शेतात गुडघाभर पाणी होतं. आदल्या दिवशी सातव्याला पहिल्यांदा पाणी सोडलं होतं आणि संध्याकाळी पडद्यावर 'बंद' दिसत होतं. पपईची रोपं दीड महिन्याची. पपईच्या मुळाशी पाणी साचलं की ती राहत नाही. दोन दिवसांत निम्मी रोपं माना टाकून पडली.

बैठकीत गजराबाई मयूरीसमोर उभी राहिली. "तुन्हा डबाने मन्ही पपई खादी!"

मयूरी म्हणाली, "मन्ही चूक व्हई, मावशी. शोधस."

चेअरमन रतिलालभाई म्हणाले, "पुढला सोमवारलोंग शोध, बेटा. नही सापडनं तर तो कॉम्प्युटर काढी टाकूत."

मी मागच्या बाकावर होतो. उठलो नाही.

आठ दिवस तिच्या खिडकीतला पंखा सकाळी सातलाच लागायचा. जेवायला ती उठायची नाही, मीनाबाई ताट खिडकीशी नेऊन ठेवत. त्यातच कळलं की पोलंडमधल्या कुणा बाईचं भरतकामाचं यंत्र त्या दुरुस्तीमुळे अडखळायला लागलं आहे. मयूरीने जगासाठीची दुरुस्ती मागे घेतली, पंपघरातली शोधासाठी तशीच ठेवली आणि सगळ्यांना दिसेल असं लिहिलं की तपासणी अपुरी होती, चूक माझी. हे मला मीनाबाईंनी सांगितलं. त्या रडत होत्या.

रविवारी मी तिच्याकडे गेलो. टेबलावर वही उघडी होती. पानभर आकडे, वेळा, आणि जवळजवळ प्रत्येकापुढे लाल प्रश्नचिन्ह. फक्त एका ओळीत सात वेळा बावीस लिहिलेलं होतं. तिथे एकही प्रश्नचिन्ह नव्हतं.

"हाई कोनं?" मी विचारलं.

"तुमना आकडा शेतस ना. ते सोडीसन बाकी सगळं तपासी टाकं."

एकतीस वर्षांत इतका विश्वास माझ्यावर कोणी ठेवला नव्हता. मला घाम फुटला. पंखा चालू होता.

"मयूरी, तिसरा दिन मी सातवाले गयूच नही."

तिने पेन उचललं.

"सहावा?"

"तो खरा."

"पाचवा?"

"खरा."

असं करत ती पहिल्यापर्यंत आली, आणि सातही आकड्यांपुढे तिने लाल प्रश्नचिन्ह घातलं. चप्पल घातली. आम्ही बांधाने सातव्यापर्यंत चालत गेलो. तिने पंपघरातल्या माणसाला फोन करून व्हॉल्व्ह बंद करायला लावला. चाक फिरलं आणि चौदावर थांबलं.

"आठ दिन," ती स्वतःशीच म्हणाली.

परत येऊन तिने तासाभरात दुरुस्तीतली खोट काढली. दुपारी मी पुन्हा गेलो. बावीस. पाच वेळा मोजलं.

सोमवारी बैठकीत मी उभा राहिलो आणि जे केलं ते सांगितलं. गजराबाई म्हणाली, "लोकेसना घाम मोजस रे नवल, तुन्हा घाम कोठे व्हता?" कॉम्प्युटर राहिला. गजराबाईच्या शेतात मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावून नांग्या मी भरून दिल्या, पण ती पपई दीड महिना मागेच आहे.

मयूरीला मी म्हटलं, जगभरच्या लोकांना दिसतं त्या पानावर चुकीपुढे माझं नाव लिही. तिने नकार दिला. "मी स्वतः यायला हवं होतं, आबा," इतकंच म्हणाली. तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

डेअरीच्या पायरीवर मी आता बसत नाही. आठवड्यातून एकदा ती मला तपासणीला पाठवते. मी फेरे मोजतो, आकडा सांगतो. ती म्हणते, "फोटो टाका, आबा." बावीस फेरे पुरे झाल्याची चाकावर खूण असते, तिचा फोटो मी काढतो आणि पाठवतो. वहीत माझ्या आकड्यापुढे लाल प्रश्नचिन्ह असतं. फोटो पोचल्यावर ती ते खोडते.