दसऱ्याची ओली स्कूटर

सासऱ्यांच्या स्कूटरचा जुना रंग मी प्रोपिलीन कार्बोनेट नावाच्या द्रावकाने काढला आणि ते न धुताच वर नवा रंग मारला.

तेव्हा ते सासरे झाले नव्हते. बोलणी होत आली होती. शेवटचा होकार द्यायला त्यांची थोरली बहीण, म्हणजे मुलीच्या आत्याबाई, दसऱ्याला सटाण्याहून यायची होती. घरात तिचा शब्द म्हणजे शिक्का. मी सातपूरला एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि माझा आत्मविश्वास मात्र नुकताच सुरू झाला होता. त्यांच्या स्कूटरला कुणीतरी ब्रशने हिरवा रंग फासलेला. पूजेपर्यंत नवी करून देतो, असं मीच सांगून बसलो.

साहेबांना विचारून थोडं द्रावक आणलं आणि सिडकोतल्या त्यांच्या अंगणात व्याख्यान लावलं. थिनरसारखा याला वास नाही, चटकन पेट घेत नाही, कारण हे उकळायलाच दोनशे चाळीस अंश लागतात. बॅटरीत चालतं, लिपस्टिकमध्येसुद्धा घालतात, हे सांगताना मी होणाऱ्या बायकोकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती.

चिंध्या भिजवून लावल्या, वर प्लॅस्टिक गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी हिरवा रंग दुधावरच्या सायीसारखा सुटला. सासरे खूश. मी कोरड्या फडक्याने पुसलं. कारखान्यात आम्ही शेवटी भरपूर पाण्याने धुवायचो, म्हणजे इतर धुवायचे आणि मी नोंद करायचो. थिनर उडतं तसं हेही उडेल, असं धरून मी लगेच गडद लाल, मरून रंग मारला. दोनशे चाळीस अंशांशिवाय जे उकळत नाही, ते अंगणातल्या पेरूच्या सावलीत कुठे उडून जाणार, ही शंका व्याख्यात्याला काही आली नाही.

दसऱ्याला स्कूटर अशी चमकत होती की शेजारी बघून गेले. ती ओली होती म्हणून चमकत होती.

आत्याबाईंनी हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि भक्तिभावाने तळवा टेकवून नमस्कार केला. हात उचलला तर तळवा मरून. हार सरळ करायला गेल्या तर पाकळ्या गाडीलाच राहिल्या. सासरे नव्या उपरण्याने पुसायला धावले, आणि मग उपरणंही गेलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, जरा ऊन लागू द्या.

आत्याबाईंनी हात माझ्यापुढे धरला. "हे कशानं निघंल?"

"त्याच द्रावकाने," मी खरं ते सांगितलं.

त्यांनी तळवा उलटसुलट करून पाहिला. आत तांदूळ निवडणं थांबलं होतं. मग त्या भावाकडे वळल्या.

"पोरगी दे याला. चुकला तर बोलायला तिला तोंड हाय. गाडीला नाय."