सगळ्यात आधी मरणाऱ्या मावशी

मावशी तोंडात टाचण्या धरून बोलायच्या. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात चार टाचण्या आणि उजव्या कोपऱ्यातून शब्द. "भाऊ, मी मेले. तुमी खेळा," असं त्या त्याच उजव्या कोपऱ्यातून सांगायच्या, फोन शिलाई मशीनवर ठेवायच्या आणि ब्लाउजला हूक लावायला घ्यायच्या.

हे मरण मोबाइलवरच्या गेममधलं. पाथरीत आमच्या ओळीला तीन दुकानं होती: माझं झेरॉक्सचं, चाचांची पिठाची गिरणी आणि मधे मावशींचं लेडीज टेलर. दुपारी बारा ते दोन लाइट जायची. झेरॉक्स बंद, गिरणी बंद, आणि गुडघे गेल्यामुळे मावशींनी मशीनला मोटार बसवलेली, म्हणून मशीनही बंद. टॉवर तेवढा चालू असायचा. गेम सोपा होता. चार-चार जणांच्या टोळ्या एका बेटावर उतरतात आणि एकमेकांना गोळ्या घालतात. शेवटी जी टोळी उरेल ती जिंकते. जो मेला त्यानं उरलेल्यांचा खेळ बघत बसायचं.

मावशी आणि चाचा आधीपासून खेळत होते. तिसरा मी. मावशी रोज सगळ्यात आधी मरायच्या. बेटावरच्या घराचं दार उघडून सरळ मोकळ्या रानात जायच्या. मी खेळात नवा होतो, पण माणूस कशानं मरतो एवढं मला कळत होतं. पहिले पंधरा दिवस मी मावशींना कसं मरू नये ते समजावून सांगितलं. आडोसा म्हणजे काय, वाकून कसं चालायचं, सगळं. त्या हूक लावता लावता ऐकायच्या आणि म्हणायच्या, "बरं, भाऊ." दुसऱ्या दिवशी पुन्हा मरायच्या. शुक्रवारपर्यंत त्यांना बरेच ब्लाउज द्यायचे असायचे, म्हणून हातातलं काम उरकायला त्या लवकर मरतात, असा मी निष्कर्ष काढला होता. चाचांना तो सांगितला तेव्हा ते पीठ झटकत नुसते "हौ" म्हणाले.

टोळीला चार माणसं लागतात आणि आमचा चौथा काही टिकेना. दळण घेऊन आलेला, आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आलेला, लाइटची वाट बघणारा कुणीही आम्ही बसवून घ्यायचो. मी त्यांच्या चुका जागच्या जागी दाखवून द्यायचो. लाइट आली की ते जायचे आणि परत दिसायचे नाहीत. एकदा आम्ही चौथा नंबर काढला. मी खूश होऊन मावशींना ते सांगितलं.

"ते असू द्या," मावशी म्हणाल्या. "आजचे पावणे उद्या येतील का, तेवढं सांगा."

ते आले नाहीत.

मग एक दिवस गुरुजी आले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. बायको वारल्यापासून ते घराबाहेर पडत नव्हते. पँट ढिली होते म्हणून सुनेनं त्यांना बळंच पाठवलं होतं. "जय भीम, गुरुजी," म्हणून मावशींनी कमरेला टेप लावला. कंबर चार बोटं उतरली होती. जास्तीचं कापड मावशींनी कापलं नाही, आत दुमडून शिवायचं ठरवलं. "अंग धरलं की उसवून देते," म्हणाल्या. एवढ्यात लाइट गेली आणि मावशींनी गुरुजींच्या हातात सुनेचा जुना फोन होता तो मागून घेऊन त्यात गेम टाकून दिला.

बेटावर उतरल्यावर गुरुजींना एक बंदूक सापडली.

"ती खाली ठेवा," मावशी म्हणाल्या. "शिकायला आलेल्या पोरीला मी पहिल्या दिवशी कात्री देत न्हाई. तुमी ह्या घराच्या खिडक्या मोजा."

एवढं बोलून त्या दाराबाहेर गेल्या आणि मेल्या. मग गुरुजींच्या शेजारी सरकून बसल्या. एक डोळा त्यांच्या फोनवर, एक तुरपाईवर. थोड्या वेळानं गुरुजी म्हणाले, "एकूण अकरा. त्यातल्या दोन फुटक्या." मला वाटतं, कित्येक महिन्यांत त्यांनी घराबाहेर बोललेलं ते पहिलं वाक्य असावं. आम्ही नववे आलो. खिडक्या मोजून कुणी जिंकत नाही, असं मी म्हणालो.

"उद्या येतील का, तेवढं बगा," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाराला दहा कमी असताना गुरुजी बाकावर येऊन बसले होते. लाइट जायची होती अजून.

महिन्याभरानं गुरुजी डोळे दाखवायला परभणीला गेले. त्या दिवशी आम्ही तिघंच उतरलो. मावशी मेल्या नाहीत. तोंडातल्या टाचण्या न काढता त्यांनी नऊ जणांना मारलं. फोन खाली ठेवला आणि दोरा ओवायला घेतला.

"मावशी, एवढं येतं तुम्हाला?"

"आज नवीन कुणी न्हाई ना," त्या म्हणाल्या. "नवीन माणूस पयला मेला तर त्याला लाज वाटती. मंग ते येत न्हाई."

मी माझे पहिले पंधरा दिवस आठवले. आडोसा म्हणजे काय, हेही आठवलं. चाचा पीठ नसतानाही कपडे झटकत होते.

शहाण्यानं एवढ्यावर शहाणं व्हावं. मी झालो नाही. तालुक्याची स्पर्धा आली, बक्षीस टेबल फॅन. मावशी अशा खेळतात म्हटल्यावर फॅन आपलाच, असं मी धरून चाललो. गुरुजींच्या जागी मोबाइल रिपेअरिंगवाला घ्यायचं ठरवलं आणि गुरुजींना मीच सांगितलं, "या वेळी तुम्ही आराम करा." गुरुजी म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." आणि यायचे बंद झाले. चार दिवस बाक रिकामा राहिला. पाचव्या दिवशी त्यांची सून येऊन सांगून गेली की ते परत खाटेवरून उठेनात, जेवणही टाकलंय.

मावशींनी तोंडातल्या चारही टाचण्या काढल्या आणि एकेक करून मशीनवरच्या छोट्या गादीत खोचल्या. त्यांना ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांनी बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"भाऊ, तुमी पंधरा दिवस गच्चीवरून पडून पडून मरत व्हता. मी कुणाला म्हणले का, ह्यांना काढा म्हणून? जा. तुमीच घेऊन या."

मला लाज वाटली. भर उन्हात गेलो. गुरुजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी म्हणालो, "गुरुजी, खिडक्या मोजायला माणूस नाही." गुरुजी उठले आणि खुंटीवरची पँट घेतली.

स्पर्धेत मावशी सगळ्यात आधी मेल्या. आम्ही आठवे आलो. फॅन रिपेअरिंगवाल्याच्या टोळीनं नेला. "फॅन लेके क्या करते?" चाचा म्हणाले. "लाइट कां है?"

पुढच्या वर्षी गुरुजींच्या कमरेला पँट घट्ट झाली. मावशींनी ती उसवून दिली. त्यांच्या हातचं ते शेवटचं काम. पोटाचं दुखणं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी स्वतःचं सांगायची वेळ आली की तोंडात टाचण्या धरतात. मला मावशींची फार आठवण येते, विशेषतः बारा वाजता.

दुकान आता पडदे शिवणाऱ्या एका ताईंनी घेतलंय. परवा लाइट गेली तेव्हा त्या आमच्याकडे बघत बसल्या होत्या. आम्ही त्यांना मावशींच्या जागी टोळीत घेतलं. गुरुजी त्यांच्या शेजारी सरकले. "ताई, बंदूक खाली ठेवा," म्हणाले. "आज फक्त खिडक्या मोजा."

बाहेर कुठंतरी गोळ्या वाजत होत्या. माझ्याकडे चांगली बंदूक होती आणि वरची रँक एका डावावर आली होती. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी दार उघडलं आणि मोकळ्या रानात गेलो.

"मी मेलो. तुम्ही खेळा."

"अवं भाऊ, असं कसं गेलाव बाहेर?" ताई म्हणाल्या. "आधी खिडकीतून बगायचं, मंग दार उघडायचं. वाकून चालायचं."

"बरं, ताई."

"उद्या लाइट गेली की नीट दाखवते," त्या म्हणाल्या आणि पुन्हा खिडक्या मोजायला लागल्या.