तिसरं नाव

शनिवार, चौदा तारीख, संध्याकाळी पाच. हजर: पाळकसाहेब, सिस्टर, काका आणि मी. विषय: तारण कोणाचं होतं आणि ते कोण ठरवतं.

ही नोंद माझ्याच अक्षरातली. आमच्या मुलुंडच्या मंडळीच्या बायबल अभ्यासाची हजेरी, चहा आणि प्रार्थनेची यादी माझ्याकडे असते. विषय वेगळा असला तरी काका तो सहा वाजेपर्यंत इथेच आणून सोडत.

बोलण्याआधी ते टेबलाच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवत. अंधेरीच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर लोखंडी साचे बनवले होते. कड सरळ आहे याची खात्री झाली की म्हणत, "साचा आधी, माल नंतर." म्हणजे देवानं कोणाला तारायचं ते जगाच्या आधीच ठरवलंय, आपण फक्त त्यातून बाहेर पडतो.

सिस्टर म्हणजे नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या बाई. त्यांना हे मुळीच पटत नसे. "दाराची कडी आतून असते, काका. देव बाहेरून ठोठावतो. उघडायचं की नाही, ते आपण ठरवायचं."

"उघडणारा हातही त्यानंच बनवला ना?"

"बरं. मग ही शेवटची खारी तुम्ही खाणार की मी, हेही ठरलंय?"

"ठरलंय," असं म्हणून काका खारी उचलत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. वाद जिंकला तरी बशी समोरच्याकडे सरकवणारी. खारीचा अर्धा तुकडा दर वेळी सिस्टरच्या बशीत जायचा.

प्रार्थनेच्या यादीत तिसरं नाव काकांच्या मुलाचं. तो बोरिवलीला एकटा राहायचा. काकांशी भांडून गेला तो मंडळीतही पुन्हा आला नाही. नावापुढे मी लिहीत असे, 'परत यावा म्हणून'. अकरा वर्षं तेच वाक्य.

"सगळं ठरलंय, तर नाव कशाला घ्यायला लावता?" सिस्टर एकदा म्हणाल्या.

"नाव घ्यायचं, हेही ठरलंय," काका म्हणाले. पाळकसाहेबसुद्धा हसले.

मग एका मंगळवारी मुलगा खोलीतच गेला. हृदयविकार. शेजाऱ्यांनी दार फोडलं. दफनाची व्यवस्था मीच केली. गाडी, फुलं, पेटी, सगळं वेळेवर. शनिवारी महिन्याची नवी यादी वाटायची होती. मेलेल्यांसाठी आमच्यात प्रार्थना करत नाहीत. मी त्याचं नाव काढलं आणि चौथं नाव तिसऱ्यावर घेतलं. यादी बरोबर होती.

त्या शनिवारी काका येतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. ते आले. नेहमीसारखा मंडळीतला "सलाम" करून बसले, यादी घेतली आणि तिच्यावरून नख फिरवू लागले. तिसऱ्या ओळीवर ते थांबलं.

"काढलंस?"

"हो काका. नियम..."

"बरोबर आहे. नियम आहे."

मला काही वाटलं नाही. चहा गार होत होता, एवढं लक्षात आहे.

सिस्टर हळूच म्हणाल्या, "काका, तुम्हीच सांगता ना, निवड जगाच्या आधीच होते? मग त्याचीही झाली असेल. तो चर्चला आला नाही म्हणून ती कशी पुसली जाईल?"

काकांनी मान हलवली. "नाही सिस्टर. कडी आतूनच असते. शेवटी शेवटी त्यानं काढली असेल. मला वाटतं, काढली असेल."

'मला वाटतं' हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. दोघंही एकमेकांच्या बाजूनं बोलत होते आणि या वेळी हसलं कोणी नाही. खारी तशीच राहिली. वहीत मी लिहिलं: 'चर्चा झाली. प्रार्थनेनं समाप्ती.'

निघताना काका माझ्याजवळ थांबले. "बाई, नाव नको घालूस. नुसता तीनचा आकडा ठेव. पुढे कोरं."

"लोक विचारतील, काका."

"विचारू देत. तू सांगू नकोस. देवाला कळेल."

"बघते," मी म्हणाले. पुढच्या महिन्यात कोरी ओळ सोडली नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. काकांनी दोन्ही याद्यांवरून नख फिरवलं आणि त्या घडी करून खिशात ठेवल्या. पुन्हा मागितलं नाही.

गेल्या आठवड्यात काकाही गेले. झोपेतच. गाडी, फुलं, पेटी. या वेळीही सगळं वेळेवर झालं. त्यांच्या शर्टाच्या खिशात दोन्ही याद्या होत्या. सिस्टरनी त्या मला आणून दिल्या.

उद्या शनिवार. यादी आज छापून आणायची होती. पहिली दोन नावं टाइप झाली आहेत. तीनचा आकडाही टाकला आहे. पुढचं राहिलंय.