छापखान्याच्या खुणा

मशीनमनने अडतीस वर्षं छापखान्यात काढली आणि कान तिथेच ठेवून तो घरी आला. मशीनं सुरू असताना तिथे कितीही घसा ताणा, उपयोग शून्य. सगळा कारभार हातवाऱ्यांवर. पंजा उभा केला की थांब. बोटं आत वळवली की इकडे ये. मनगट झटकलं की बाजूला हो. बोट हवेत गोल फिरवलं की चालू ठेव. निवृत्तीनंतर त्याने या खुणा घरच्यांना शिकवल्या. सगळ्यांत पटकन उचलल्या त्या नव्यानेच घरात आलेल्या सुनेने.

घोटाळा तिथेच झाला. छापखान्याच्या खुणांत हुकूम सोडून दुसरं काही नसतं. सून जेवायला बोलवी, औषध घ्यायला बोलवी, याला वाटे हुकूम सुटला. "मुलगा गरीब गाय, पण सून फौजदार!" हे तो मित्राच्या कानात सांगायचा आणि ऐकू सगळ्या जिन्याला जायचं. सून ते ऐकायची आणि ताट वाढायला घ्यायची.

नऊ वर्षांनी मुलाने कानाचं मशीन आणलं. म्हाताऱ्याने ते दोनदा लावलं. हॉर्न, मिक्सर, शेजारचं ड्रिल... डोकं भणाणलं आणि मशीन कपाटात गेलं. "सवय लावा, नाहीतर उरलंसुरलं ऐकणंही हातचं जाईल," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण हट्टापुढे कोण बोलणार?

एका रविवारी सून त्याला बसने शहराबाहेरच्या राष्ट्रीय उद्यानात घेऊन गेली. फाटकावरच्या रखवालदाराने काहीतरी पुटपुटत ओठांवर बोट ठेवलं.

"काय म्हणतोय हा?" म्हाताऱ्याने विचारलं, आणि झाडावरचा अख्खा थवा उडाला.

तो एवढा ओशाळला की पुढे तोंडच उघडेना. तळ्याकाठच्या बाकावर सुनेने पर्समधून कानाचं मशीन काढलं, तेव्हा त्याच्या कपाळावर आठी पडली. पण भांडायचं म्हणजे पुन्हा पाखरं उडणार. त्याने मुकाट्याने ते कानात घातलं.

आधी पाणी ऐकू आलं. मग पानं. मग लांबवर कुठलंसं पाखरू. त्याला राहवेना, तो उठून तळ्याकडे निघाला. सुनेने पुढे येऊन पंजा उभा केला, आणि पंजाबरोबर आवाजही आला.

"बाबा, थांबता का जरा? तिथे निसरडं आहे हो."

मऊ, थोडा घाबरलेला आवाज. तो जागीच थबकला.

"तू खुणेबरोबर बोलतेस?"

"नेहमीच बोलते की."

"जेवायला बोलावतानाही?"

"'या बाबा, गरम आहे तोवर बसा,' म्हणते. तुम्हाला ऐकू येत नाही ते माहीत असतं, पण नुसता हात दाखवायला कसंतरीच वाटतं."

म्हातारा मागे येऊन बाकावर बसला. नऊ वर्षं ही पोर आपल्याशी इतकं मायेने बोलत होती, आणि आपण तिला फौजदार ठरवून मोकळे! त्याला स्वतःची लाज वाटली. मग तिच्याविषयी, त्या शांत झाडांविषयी इतकं कृतज्ञ वाटलं की डोळे भरून आले.

"चुकलो गं पोरी," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात.

परत निघताना फाटकाबाहेर रस्त्याचा कल्लोळ अंगावर आला. त्याचा चेहरा आक्रसलेला सुनेने पाहिला.

"त्रास होतोय ना बाबा? काढून ठेवू का मशीन?"

म्हाताऱ्याने बोट वर केलं आणि हवेत गोल गोल फिरवलं.