खंडेनवमीचं पाणी

मला स्वस्थ बसता येत नाही. आई म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी आहे. आता ऑफिसातली मंडळी तेच म्हणतात, फक्त माझ्या पाठीमागे. म्हणोत बापडी. कारखान्यात काही फुटलं, जळलं, कोसळलं की ते का झालं हे शोधून काढणं हे माझं काम, आणि खुर्चीत बसून ते कुणाला सापडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

त्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येताना लाँचमध्येही मी उभीच होते. खाडीकाठच्या एका रसायनांच्या कारखान्यात गरम द्रावणाचा स्टेनलेस स्टीलचा पाइप फुटला होता. व्हॉल्व्ह उघडणारा ऑपरेटर छातीपासून हातांपर्यंत भाजला होता. कारखान्याचं म्हणणं मी पोचायच्या आधीच तयार होतं: त्याने व्हॉल्व्ह झटक्यात उघडला, पाइपला दणका बसला, पाइप फुटला. त्याच्यावर चौकशी लागली होती. दोष त्याचा ठरला तर नोकरी जाणार, हे गेटवरच्या वॉचमनलासुद्धा माहीत होतं.

आधी मी हॉस्पिटलात गेले. तो पन्नाशीचा, मिठागरवाल्यांच्या घरातला माणूस. दोन्ही हात बँडेजमध्ये, नजर छताला. व्हॉल्व्ह कसा उघडला विचारलं तर म्हणाला, रोजच्यासारखा. बायको मात्र मला सोडायला जिन्यापर्यंत आली आणि पदर सावरत म्हणाली, "ताई, ह्यांनी झटका दिला न्हाय. हे घरात दार बी कधी आपटत न्हाईत."

हा काही पुरावा नव्हे. पण ते वाक्य मनातून जाईना, आणि त्याचाच मला राग येत होता. कुणाच्या बाजूने मन झुकलं की डोळे फसवतात.

कारखान्यात मॅनेजर माझ्या मागे मागे. त्यांना मला तो व्हॉल्व्ह दाखवायचा होता. दाखवला, पाहिला, पुन्हा दाखवला. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी! पाइप फुटला होता तिथून काही पावलं पुढे. शेवटी मी सरळ पाठ फिरवली आणि पाइपच्या कडेने चालत सुटले. पाइपवर उष्णता टिकावी म्हणून काचेच्या लोकरीचं वेष्टण होतं आणि त्यावर पत्रा. फुटल्या जागेजवळच पत्र्याचा एक सांधा उघडा होता. मागे कधीतरी दुरुस्तीसाठी उचकटलेला आणि तसाच सोडलेला. त्या फटीत झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या अडकल्या होत्या. पत्र्यावर कुंकवाची पुसट बोटं.

खंडेनवमी! दरवर्षी त्या दिवशी हे लोक यंत्रांना न्हाऊ घालतात. ज्याची लाइन त्याने धुवायची, पुसायची, हळद-कुंकू लावून हार घालायचा. पूजा करायची ती पारोशा यंत्राची कशी करणार? या लाइनवर होजपाइप धरायचा मान आमच्या ऑपरेटरचा. त्याच्यासारखं कुणी धूत नाही, फटीफटीतून पाणी मारतो, असं सगळे कौतुकाने सांगत होते. होज कुठल्या नळाला जोडतो, ते मी विचारलं.

त्याच नळावर मी हात धुतले. साबणाला फेस येईना. गोडं पाणी प्यायला आणि बॉयलरला, बाकी सगळीकडे खाडीलगतच्या बोअरचं, असं मॅनेजरनीच सांगितलं. म्हणजे मचूळ पाणी. स्टेनलेस स्टील गंजत नाही म्हणून मिरवतं, पण गरम असताना त्याला मीठ लागत राहिलं की ते तडकतं. फटीतून आत गेलेलं पाणी उडून जायचं, मीठ मागे राहायचं. वर्षानुवर्षं.

वेष्टण काढायला लावलं. धातूवर लाल रंग लावला, पुसला, वरून पांढरी पूड फवारली. तड्यांत मुरलेला रंग हळूहळू वर आला. झाडाच्या मुळांसारखे फाटे फुटलेले तडे होते, जिथे पाइप फुटला होता तिथे आणि न फुटलेल्या भागातही. असे तडे झटक्याने जात नाहीत. ऑपरेटर सुटला होता.

मॅनेजरनी वाकून तडे पाहिले. मग म्हणाले, "पण धुणारा तोच ना, मॅडम?"

वड्याचं तेल वांग्यावर! माझा तोल गेला. फटीवर पत्रा कुणी बसवायचा होता, नळाला खारं पाणी कुणी जोडलं, आणि इतक्या वर्षांत वेष्टणाखाली कुणी डोकावून पाहिलं, असं तिथेच सगळ्यांसमोर विचारलं. हेच माझ्या अहवालात येईल, असंही सांगून टाकलं.

परत हॉस्पिटलात गेले ती जिने जवळजवळ धावत चढून. आयुष्यात चांगली बातमी सांगायची वेळ माझ्यावर फारशी येत नाही. सगळं सांगितलं. बायकोने हात जोडले. त्याने मात्र बँडेजकडे बघत विचारलं,

"म्हणजे मी लाइन धुतली म्हणून फुटली?"

पत्रा, बोअर, देखरेख, सगळं पुन्हा सांगितलं. तो ऐकतच नव्हता.

"मंग झटका दिला असंच लिवा, ताई. नोकरी जाऊ द्या. पूजेनं फुटली असं नका लिवू."

उत्तर दिलं ते बायकोने. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "जे हाय तेच लिवा." मी तेच लिहिलं. चौकशी मागे घेतली गेली, जखमा भरल्यावर तो कामावर रुजू झाला. माझ्या दृष्टीने काम संपलं होतं, पण मी घरात येरझाऱ्या घालत राहिले. खरं बोलून एखाद्याचं काय काढून घेतलं, हे तपासायला कुठली पूड मिळत नाही.

यंदा खंडेनवमीला सकाळी त्याचा फोन आला. मागे झांजा वाजत होत्या. नवा पाइप टाकलाय म्हणाला, पत्राही घट्ट बसवलाय. मग विचारलं, "ताई, हळद-कुंकू तरी लावू ना?"

मी चालता चालता थांबले.

"लावा," म्हटलं. "कोरडं लावा."