काळीवर बांधलेली कॉलनी

भोकरदनच्या आमच्या कॉलनीत चार शेजारी बसले की भिंतींचेच किस्से निघतात. पूर्वी भिंतीला टेकून सांगायचो, आता जरा लांब बसून सांगतो! दर पावसाळ्यात त्यांत भर पडतेच.

गाव वसवावं पांढऱ्या मातीवर आणि पिकं घ्यावीत काळीत, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी नव्वदच्या आसपास बाबूराव अप्पांनी आपलं कापसाचं रान प्लॉट पाडून विकलं आणि आम्ही मास्तर मंडळींनी ते हौसेनं घेतलं. भर उन्हाळ्यात पाया खोदला. जमीन एवढी कडक की पहार उडायची! "तीन फूट बस झालं," असं आम्हीच ठरवलं. शेवटचा तुकडा अप्पांनी स्वतःला ठेवून घर बांधलं. शेत गेलं, आता काय ते घरच.

पावसात माती फुगली आणि दारं चौकटीत रुतली. शिंदे सरांच्या मुलीला बघायला पाहुणे आले. पोहे झाले, दोनदा चहा झाला, दार काही उघडेना. शेवटी मुलाचे वडील हात जोडून म्हणाले, "सर, पोरगी पसंत हाय! आता तरी जाऊ द्या!"

उन्हाळ्यात आमच्या आणि शिंद्यांच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली. शिंदे वहिनी तिच्यातूनच विरजण मागायच्या. मी सिमेंट कालवलं, तर आमची ही म्हणाली, "राहू द्या. दारापरीस बरी, उघडी तरी असती!"

जालन्याहून एक इंजिनियर आणला. त्यानं अप्पांची कललेली भिंत पाहिली आणि म्हणाला, "विकून टाका."

"बिलकुल! तुम्ही घेता का?" अप्पांनी विचारलं. साहेब जल्दी गाडीत बसले.

हसतो आम्ही, पण आभाळ भरून आलं की जो तो आपापल्या घरातल्या भेगा मोजू लागतो. जन्माची कमाई डोळ्यांदेखत कलतेय आणि आपण नुसतं बघत बसायचं!

एकदा दसऱ्याच्या तोंडावर वादळी पाऊस झाला. दिवसभर जोत्याला पाणी लागून होतं. संध्याकाळी अप्पांची मागची भिंत पत्र्यांसकट बसली. अप्पा आणि काकू ओट्यावर होते म्हणून वाचले. आम्ही धावलो, तर काकू भिजलेली अंथरुणं कवटाळून रडत होत्या. "आता कुठं जायचं वो?"

फरशी उचकटून काळी माती वर आली होती. अप्पा वाकले. मूठभर माती उचलून दाबली, बोटांनी फोडून पाहिली.

"चार दिसांत वाफसा यील," ते काकूंना म्हणाले. "मंग हरभरा पेरून घेऊ."