पाठकोऱ्या कागदावरची यादी

तिला सगळे पाठकोरी बाई म्हणत. तोंडावर म्हणत नसत, एवढंच. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दीड खोलीत तिनं सोळा वर्षांपूर्वी हिशेबनिसाचं काम सुरू केलं, तेव्हापासून एका बाजूला छापलेला कागद तिनं कधी टाकून दिला नव्हता. तो कोरी बाजू वर करून खिडकीजवळच्या लाकडी खोक्यात जायचा. कच्ची आकडेमोड, निरोप, पुढच्या खेपेला गिऱ्हाइकानं काय काय आणायचं त्याच्या याद्या, सगळं त्या खोक्यातल्या कागदांवर. प्लॅस्टिकच्या फायली तिच्याकडे नव्हत्याच. दोन पुठ्ठ्यांमध्ये कागद घालायचे आणि सुतळीनं बांधायचे. एसी नव्हता. गिऱ्हाईक घामानं निथळायला लागलं की ती खिडकीचं दुसरं दार उघडायची आणि फार उपकार केल्यासारखा चेहरा करायची. चहा हवा असेल तर कप घरून आणावा, असा नियम भिंतीवर लावलेला होता, तोही अर्थात पाठकोऱ्या कागदावर.

घरी वेगळं काही नव्हतं. भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना, जुन्या चादरींच्या पिशव्या, पिशव्या विरल्या की त्यांची पायपुसणी. नवरा फ्रीज दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात बायकोची टिंगल. "मी तिच्याकडे टिकलोय तो टाकाऊ म्हणून," असं तो आल्यागेल्याला सांगायचा. "जरा बरा असतो तर कधीच कुणाला तरी देऊन टाकलं असतं."

गिऱ्हाइकं कुरकुरायची, पण यायची. हिशेब चोख होता हे एक, आणि बाईच्या तोंडाला कुलूप होतं हे दुसरं. एकाची गोष्ट दुसऱ्याला कधी कळायची नाही. खाजगी मजकुराचे कच्चे कागद मात्र खोक्यात जात नसत. ते ती स्वतः बोटाएवढे बारीक फाडायची आणि बाल्कनीतल्या गांडुळांच्या पिंपात टाकायची. आठवड्यातून एकदा, गुरुवारी सकाळी. गांडुळांच्या पोटात गेलेलं गुपित बाहेर येत नाही, असं ती मोठ्या अभिमानानं सांगत असे.

त्या गुरुवारी फाडायचा गठ्ठा हातात घेतला आणि तिची पाचावर धारण बसली. त्यात बेकरीच्या मालकाचा कागद नव्हता.

मालक सोमवारी आला होता. खुर्ची जवळ ओढून त्यानं आवाज खाली आणला. दोन महिन्यांनी तो भट्टी बंद करणार होता. पाव कारखान्यातून तयार घ्यायचा आणि दुकान तेवढं चालवायचं. भट्टीवरची तिन्ही माणसं काढायची होती, तर कुणाला किती द्यावं लागेल ते काढून हवं होतं. "मॅडम, ह्या कानाचं त्या कानाला नको," असं तो तीनदा म्हणाला. तिनं मजकूर टाइप केला, कच्ची प्रत काढली, मालकानं पेन्सिलीनं दोन दुरुस्त्या केल्या, मग पक्की प्रत काढून दिली. कच्ची प्रत बाजूला ठेवली, तेवढ्यात फोन वाजला. नक्की कुठल्या बाजूला ठेवली, ते आता काही केल्या आठवेना.

तिनं खोकं जमिनीवर पालथं केलं. एकेक कागद उलटून पाहिला. पुन्हा पाहिला. टेबलाखाली पाहिलं, कुंडीखाली पाहिलं, कुंडीखाली कागद कसा जाईल याचा विचार न करता. मग तिला बुधवार आठवला आणि ती तिथेच जमिनीवर बसली.

बुधवारी भट्टीवाला आला होता. त्याच बेकरीचा, तिघांमधला सगळ्यात जुना, मालकाच्या कागदावर ज्याचं नाव पहिलं होतं तोच. त्याचंही विवरणपत्र वर्षानुवर्षं तीच भरायची. आयुष्य भाड्याच्या घरात काढून तो आता दोन खोल्या विकत घेत होता. बँकेच्या कर्जावर येत्या सोमवारी सही व्हायची होती आणि कागदपत्रं तिनं जुळवून द्यायची होती. बोलावं तर एका गिऱ्हाइकाचा विश्वासघात, गप्प बसावं तर दुसरा डोळ्यांदेखत खड्ड्यात. इकडे आड, तिकडे विहीर. "एवढी घाई आहे का, भाऊ?" एवढंच ती कसंबसं म्हणाली होती. तो हसला. "बावीस वर्षं भट्टीशी काढली, ताई. घाई कसली?" मग तिनं नेहमीप्रमाणे हात लांब करून खोक्यातला वरचा कागद घेतला आणि त्यावर आणायच्या कागदांची यादी लिहून दिली.

वरचा कागद.

तिला बसवेना. ती दोनदा जिना उतरली आणि दोनदा परत चढली. कुंड्यांना पाणी घातलं, मग आठवलं की सकाळीच घातलं होतं. एका शिक्षिकेचा हिशेब उघडला, एकच बेरीज चारदा केली आणि चारदा वेगळी आली. शेवटी नवऱ्याला फोन लावला.

"मग त्यात काय?" तो म्हणाला. मागे कुठलातरी फ्रीज घरघरत होता. "जा आणि परत घेऊन ये. यादी चुकली म्हण."

"आणि त्यानं वाचला असेल तर?"

"कागदाची पाठ वाचणारी तू एकटीच आहेस गं जगात."

फोन ठेवला तरी तिची तगमग थांबेना, कारण त्याला न सांगितलेलं एक होतंच. वाचला असेल तर बरंच होईल, असं तिच्या मनात येऊन गेलं होतं. आपण बोललो नाही आणि त्याला कळलंही, म्हणजे आपण सुटलो. हा विचार आला आणि तिला स्वतःची शिसारी आली. आणि नसेल वाचला तर? तर यादी परत आणायची आणि सोमवारी त्याला सही करू द्यायची. सायकल काढली तेव्हाही यातलं नेमकं काय व्हावं असं आपल्याला वाटतंय, हे तिला ठरवता येत नव्हतं. वाटेत दोनदा ती चुकीच्या वळणावर वळली. रस्ता माहीत होता तरी.

भट्टीवाला पहाटपाळी करून आलेला होता आणि बनियनवर दारात उभा राहिला. त्याची बायको टेबलावर एक दोरी पसरून तिच्यावरच्या गाठी मोजत होती.

"ताई, तुम्ही? एवढ्या उन्हात?"

"यादी," ती म्हणाली. बसायच्या आधीच म्हणाली. "यादीत एक कागद चुकीचा लिहिला गेलाय. ती द्या, दुसरी लिहून देते."

भट्टीवाल्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं दोरी बाजूला सारून कपाटातून एक चार घड्यांचा कागद आणला आणि नवऱ्याच्या हातात दिला. त्यानं तो पुढे केला नाही.

"यादी बरोबर आहे, ताई," तो म्हणाला. "मागची बाजू वाचली आम्ही. काल संध्याकाळीच."

ती मटकन खुर्चीत बसली.

"मालक आज सकाळीही माझ्याशी हसून बोलला," तो सांगू लागला. "पाव जरा करपला तर ओरडलाही, नेहमीसारखा. आणि तुमचं बघा. तुम्हाला उघड सांगता येत नव्हतं, म्हणून तुम्ही हा रस्ता काढलात. मी कुणाजवळ बोललेलो नाही. तुमचं नाव कधी येणार नाही."

"मी ह्यांना म्हटलं," बायको म्हणाली, "सख्खी बहीण असती तरी एवढं केलं नसतं."

आता नुसती मान हलवायची होती. मान हलवली असती तर सगळंच जागच्या जागी राहिलं असतं: ह्यांची माया, मालकाचा विश्वास, सोळा वर्षांचं नाव. कुणालाही काही कळलं नसतं. ती टेबलावरच्या दोरीकडे बघत राहिली.

"ते काय मोजताय?" तिनं विचारलं.

"नव्या घरातल्या ओट्याचं माप घेतलं होतं," बायको म्हणाली. "आता सोडून टाकते गाठी."

"तो कागद चुकून आला," बाई म्हणाली. "मी मुद्दाम नाही दिला. फाडायचा होता, खोक्यात राहिला. मी न बघताच त्यावर यादी लिहिली."

बायकोचा हात दोरीवर थांबला. भट्टीवाल्याला समजायला थोडा वेळ लागला.

"म्हणजे सोमवारी?"

"सोमवारी तुमचे सगळे कागद तयार करून दिले असते मी. सहीसाठी."

"आणि तुम्ही काही बोलला नसतात?"

"नाही."

बायको उठली, दोरी गोळा केली आणि आत निघून गेली. आत भांडी जरा जोरात वाजली. बाईला इतकी लाज वाटली की कुठे बघावं ते कळेना. नियम काय असतो, गिऱ्हाइकाचं गुपित म्हणजे काय, हे सगळं तिला सांगता आलं असतं. ते खरंही होतं. तिनं सांगितलं नाही.

"मी इथून बेकरीत जाते," ती उठत म्हणाली. "कागद कसा बाहेर गेला ते मालकाला सांगते. तुमची हरकत नसेल तर."

"सांगा," तो म्हणाला. "बाकी दोघांना मी सांगतो." त्यानं कागद पुन्हा घडी केला आणि स्वतःच्याच खिशात ठेवला. तिनं मागितला नाही.

ती दारापर्यंत गेली तेव्हा तो मागून बोलला. आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना.

"तुम्ही चुकलात म्हणून आम्ही वाचलो, ताई. बरोबर वागला असतात तर बुडालो होतो."

तिनं उंबऱ्यात वाकून चपला घातल्या आणि सायकल बेकरीच्या दिशेनं वळवली.